ड्रायव्हरसह आलिशान गाडी किरायाने घेताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरात उभ्या असतात, पण फिरतात जालन्यापासून नांदेड-धाराशिवपर्यंत. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी मंगल कार्यालयाच्या दारात उभ्या-उभ्या लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. तुमच्या कामाचा प्रश्न तेवढाच वाचला तरी चालेल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिमोझिन म्हणजे नेमकी कोणती गाडी? ती लांबलचक गाडी आपल्याकडे लग्नाला मिळते का?

हा शब्द फ्रान्समधल्या लिमुझँ या प्रांताच्या नावावरून आला. सुरुवातीच्या काळातल्या या गाड्यांत मागे बसणाऱ्यांसाठी बंद खोली असायची आणि ड्रायव्हर पुढे उघड्यावर, डोक्यावर फक्त छप्पर. त्या छपराचा आकार लिमुझँच्या मेंढपाळांच्या टोपीवाल्या झग्यासारखा दिसायचा असं सांगतात. म्हणजे लिमोझिनची ओळख लांबीत नाही. मालकाने मागे बसायचं आणि दुसऱ्याने चालवायची, अशा बेताने बनवलेली गाडी ती लिमोझिन.

लांबवलेली गाडी हा नंतरचा प्रकार. अमेरिकेत आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ गावात १९२८ च्या सुमारास वादकांचा ताफा वाद्यांसह नेण्यासाठी अशा गाड्या तयार होऊ लागल्या. तिथे आजही लग्नाला त्या वापरतात. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी इथे अशाच एका गाडीच्या अपघातात २० माणसं गेली, आणि साधी गाडी मधोमध कापून लांबवण्यावर तिथेही गंभीर प्रश्न उभे राहिले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्यामुळे कुणी गॅरेजमध्ये कापून जोडलेली लांब गाडी देतो म्हणाला तर नाही म्हणा. तशी गाडी आमच्याकडे नाही आणि आम्ही ती आणूनही देत नाही. मराठवाड्यात या धंद्यात चालतात त्या मर्सिडीज ई-क्लास, ऑडी ए६, बीएमडब्ल्यू ५ सिरीज, आणि सगळ्यात जास्त इनोव्हा व फॉर्च्युनर.

२. मग ही सेवा आणि साधी टॅक्सी यात फरक काय? गाडी तर गाडीच.

फरक माणसात आहे. 'शोफर' हाही फ्रेंच शब्द. त्याचा मूळ अर्थ तापवणारा, कारण सुरुवातीच्या वाफेच्या गाड्यांत निघण्याआधी बॉयलर तापवावा लागे. गाडी तयार ठेवणं हेच त्याचं पहिलं काम होतं. आजही तेच आहे.

आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मे महिन्यात पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, घ्यायला गेले की ते पंधरा मिनिटं आधी पोचतात, शेजारच्या गल्लीत सावली बघून थांबतात आणि एसी चालू ठेवतात. दारापाशी गाडी लावली की ओला पंचा पिळून चारी दारांच्या मुठी पुसतात. उन्हात तापलेल्या क्रोमच्या मुठीला हात लावून बघा, म्हणजे का ते कळेल. म्हातारं माणूस असेल तर गाडी फुटपाथला लावत नाहीत, जरा लांब लावतात, म्हणजे पाय नीट जमिनीवर टेकवून उतरता येतं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. टॅक्सी तुम्हाला पोचवते. इथे तुमचं काम संपेपर्यंत एक माणूस तुमच्यासाठी थांबलेला असतो, आणि तुम्ही पैसे मुख्यतः त्याचे देता.

३. मराठवाड्यात अशा गाड्या घेतं तरी कोण?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरेच लोक. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांचे पाहुणे, विशेषतः परदेशी तंत्रज्ञ आणि ऑडिटर. अजिंठा-वेरूळचे पर्यटक. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणारी पंजाब-दिल्लीची कुटुंबं. घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ एकाच फेरीत करणारे भाविक. आणि लग्नं.

आलिशान गाडीचं इथे कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्याची बातमी देशभर झाली. ऑडीच्या गाड्या तर शेंद्र्याच्या कारखान्यातच जोडल्या जातात. पण स्वतःची मर्सिडीज असलेला माणूसही मुलीच्या लग्नात आमच्याकडून ड्रायव्हरसह गाडी घेतो. त्या दिवशी त्याला स्टिअरिंगवर बसायचं नसतं.

४. किराया कसा धरता? प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो.

शहरातल्या कामाला सहसा '८ तास ८० किलोमीटर'चं पॅकेज असतं. दोन्हीपैकी जे आधी संपेल, तिथून पुढे जादा दर. बाहेरगावी दर किलोमीटरचा दर आणि दिवसाला किमान किलोमीटर, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३००. गाडी कमी फिरली तरी तेवढे किलोमीटर धरले जातात.

उदाहरण म्हणून दर किलोमीटरला ३० रुपये आणि किमान ३०० धरू. तुळजापूरला जायचं, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. एका बाजूने सुमारे २६०, म्हणजे जाऊन-येऊन ५२०. दोन दिवसांचे किमान होतात ६००. हिशेब ६०० चाच, १८,००० रुपये. त्यावर ड्रायव्हर भत्ता दिवसाला ५०० धरला तर १,०००. टोल आणि पार्किंग पावतीप्रमाणे. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, आजचा दर फोनवर विचारा.

भांडणं होतात ती तीन गोष्टींवरून. किलोमीटर गॅरेजपासून मोजायचे की तुमच्या दारापासून, रात्री किती वाजल्यानंतर नाईट चार्ज, आणि 'दिवस' म्हणजे २४ तास की रात्री बारापर्यंत. या तीनही गोष्टी बुकिंगच्या वेळी मेसेजवर लिहून घ्या. आमच्याकडून घ्या किंवा कुणाकडूनही. निघताना मीटरचा फोटो तुम्हीही काढून ठेवा.

५. पुण्याला फक्त सोडायचंय. मग परतीचा किराया आमच्या माथी का?

गाडी आणि ड्रायव्हर दोघांनाही घरी यायचं असतं, आणि रिकाम्या गाडीलाही डिझेल लागतंच. परतीची पार्टी मिळाली तर आम्ही एकेरीचाच दर लावतो, पण ती आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. तारीख थोडी मागेपुढे चालत असेल तर तसं आधीच सांगा, बऱ्याचदा जमून जातं. साध्या गाड्यांना परतीची पार्टी लवकर मिळते, महागड्या गाडीला क्वचित.

६. बिलावर जीएसटी लावता, पण शेजारचा गाडीवाला लावत नाही. कोण खरं?

दोघंही बरोबर असू शकतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून छोटा गाडीवाला जीएसटी लावत नाही. ड्रायव्हरसह गाडी देण्याला ५ टक्के दर आहे, त्यात गाडीमालकाला इनपुट क्रेडिट, म्हणजे त्याने स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जवळपास मिळत नाही. क्रेडिट घ्यायचं असेल तर दुसरा दर. तो पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला.

कंपन्यांसाठी एक खास नियम आहे. गाडीमालक स्वतः कंपनी नसेल, गिऱ्हाईक कंपनी असेल आणि दर ५ टक्क्यांचा असेल, तर कर गिऱ्हाईक कंपनीने थेट भरायचा असतो. वाळूजच्या अकाउंट विभागांना हे ठाऊक असतं. नवीन गाडीमालक मात्र इथे चुकतात आणि दोनदा कर भरून बसतात.

७. गाडी रीतसर परवान्याची आहे हे ओळखायचं कसं?

पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती ड्रायव्हरसह किरायाने द्यायची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे तुम्ही स्वतः चालवायला घ्यायची. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी, ती किरायाने देता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. अक्षरं पिवळी असतील तर किरायाची, पांढरी असतील तर खासगी. एमएच-२० संभाजीनगरची, २१ जालन्याची, २२ परभणीची, २३ बीडची, २४ लातूरची, २५ धाराशिवची, २६ नांदेडची आणि ३८ हिंगोलीची, पण नंबर कुठलाही असला तरी रंगाचा नियम एकच.

८. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची मर्सिडीज निम्म्या पैशात मिळतेय. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर दर वेळी नाही असंच असतं. मित्राने प्रेमाने, एक पैसाही न घेता गाडी दिली तर त्यात काही गैर नाही. पण पैसे घेतले की ती परवान्याशिवाय चालवलेली किरायाची गाडी ठरते. कलम १९२अ मध्ये पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी वाटते. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'मोबदला घेऊन वापर' स्पष्टपणे वगळलेला असतो. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा हेच शोधते. गाडीत नवरदेव, त्याची बहीण, दोन लहान पोरं बसलेली असतात. वाचलेले पाच-दहा हजार कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत. दावा नाकारला गेला तर ते घर आयुष्यभर विसरणार नाही.

९. पिवळी पाटी फोटोत बरी दिसत नाही. तिच्यावर फुलं लावू का? किंवा नवरा-नवरीच्या नावांची पाटी?

नाही. नंबर प्लेट झाकणं गुन्हाच आहे. शिवाय गाडीने कुणाला धक्का दिला तर पुढचं सगळं अवघड होतं. नावांची पाटी मागच्या काचेत आतून खालच्या बाजूला लावा, किंवा बोनेटवर फुलांतच नावं गुंफून घ्या. फुलवाल्याला आधीच बजावा की पुढच्या काचेसमोर हार लोंबता कामा नये, आरसे आणि दिवे मोकळे राहिले पाहिजेत. चिकटपट्टी रंगाला लावू देऊ नका. उन्हात ती वितळते आणि काढताना रंग घेऊन येते. आम्ही बोनेटखालून दोरी ओढून हार बांधतो.

१०. लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक कसं धरायचं?

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असला तर आम्ही ड्रायव्हरला सकाळी आठपासून धरतो. नवरदेवाला जानवशावरून घ्यायचं, परण्याला मारुतीच्या देवळात न्यायचं, मग कार्यालयात. परण्याची मिरवणूक बँडसमोर नाचत-नाचत येते, त्यात दीड तास जातो, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसांच्या पावलाने चालत असते. क्लच आणि एसी दोन्हीवर याचा ताण येतो, म्हणून मिरवणुकीसाठी ऑटोमॅटिक गाडी मागा. सनरूफमधून उभं राहून जाण्याची मागणी हल्ली फार होते. गाडी थांबलेली असताना फोटो काढा, हवे तेवढे. चाकं फिरत असताना आमचा ड्रायव्हर सनरूफ उघडणार नाही. त्याला तसं सांगितलेलं आहे, त्याच्याशी वाद घालू नका.

पाठवणीची वेळ आम्हाला दोन तास मोकळी धरून सांगा. नवरी निघताना आईच्या गळ्यातून लवकर सुटत नाही आणि कुणीही तिला घाई करू नये. ते दोन तास पॅकेजात आधीच असले की ड्रायव्हरही शांतपणे उभा राहतो.

११. वधू-वरांसाठी काळ्या काचा मिळतील का?

नाही. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे. फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली. आडोसा हवा असेल तर कंपनीकडून आलेले ओढता येणारे मागचे पडदे असलेली गाडी मागा. ऊन लागू नये एवढंच कारण असेल तर गाडी आधी अर्धा तास सावलीत थंड करून ठेवू.

१२. ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय आम्ही करायची का? भत्ता तर देतोच.

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब होणार आहे, कारण माझ्या दृष्टीने सगळं यावरच अवलंबून आहे.

काही वर्षांपूर्वी आमची एक गाडी लग्नासाठी लातूरकडे गेली होती. वऱ्हाड कार्यालयात रात्री एकपर्यंत जागं होतं. ड्रायव्हरला कुणी जेवायला बोलावलं नाही. तो स्वतःहून पंगतीकडे गेला तर 'पाहुण्यांचं होऊ द्या' असं सांगून परत पाठवलं. गाव लहान, हॉटेल बंद झालेलं. त्याने डिकीतले चिवड्याचे दोन पुडे खाल्ले आणि सीट मागे पाडून झोपायचा प्रयत्न केला. डासांनी झोपू दिलं नाही. पहाटे चारला पाठवणी, सहाला गेवराईच्या पुढे त्याचा क्षणभर डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासत गेली, एक टायर फुटला, आणि ती थांबली. नवरी मागे झोपलेली होती. कुणाला खरचटलंही नाही. त्याने मला फोन केला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

चूक यजमानांची जेवढी, त्याहून जास्त आमची. आदल्या रात्रीही तो गाडीवरच होता हे आम्हाला ठाऊक होतं. लग्नसराई होती, गाडी मोकळी होती, म्हणून आम्ही त्याला पाठवलं. तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी पक्क्या आहेत. रात्रभर गाडी चालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सुटीवर. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती, तीच मापं आम्ही धरतो. काम त्याहून लांबणार असेल तर दुसरा ड्रायव्हर सोबत पाठवतो आणि त्याचा भत्ता बिलात दाखवतो. तो काढून टाका अशी घासाघीस करू नका.

तुमच्याकडून एवढंच हवं: पहिल्या पंगतीला नाही तर दुसऱ्या पंगतीला त्याला बोलावणारा एक माणूस नेमून द्या, एखाद्या चुलत्याला सांगून ठेवा. मुक्काम असेल तर पंखा, मच्छरदाणी किंवा कॉइल, आणि सहा तास कुणी उठवणार नाही अशी एक खाट. भत्ता हा बाहेर जेवणाचा आणि खोलीचा खर्च आहे, पण रात्री अकरानंतर मराठवाड्यातल्या निम्म्या गावांत पैसे असूनही काही मिळत नाही.

१३. ड्रायव्हरकडे टॅक्सीचं वेगळं लायसन्स लागतं ना?

साध्या हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्या सगळ्या गाड्या त्या वजनाच्या आत येतात. लायसन्स असलं म्हणजे अनुभव आहे असं नव्हे. तुम्ही किती वर्षं आणि कोणकोणत्या रस्त्यांवर चालवता हे ड्रायव्हरला थेट विचारा. चांगल्या ड्रायव्हरला हा प्रश्न खटकत नाही.

१४. अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात होईल का?

होईल, पण दोन्ही नीट बघून होणार नाही. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर एका दिशेला, अजिंठा सुमारे १०० किलोमीटर दुसऱ्या दिशेला. दोन दिवस घ्या. वार मात्र सांभाळा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दरवर्षी कुणी ना कुणी परदेशी पाहुण्याला सोमवारी अजिंठ्याला घेऊन जायला सांगतं, आणि ड्रायव्हरनेच ते आधी लक्षात आणून द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट. अजिंठ्याला तुमची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, मर्सिडीज असो की जीप. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी थांबते आणि शेवटचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं असतं. चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून हे केलं आहे. पायऱ्या चढवत नसतील अशा पाहुण्यांसाठी डोलीवाले असतात, ती चौकशी ड्रायव्हर फाट्यावर करून देतो.

१५. समृद्धी महामार्गाने जायचं की जुन्या रस्त्याने?

मुंबई, नागपूर, शिर्डी यांसाठी समृद्धी. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे, आपल्याकडून सावंगी किंवा माळीवाडा इथून चढता येतं. बीड, लातूर, नांदेडसाठी त्याचा उपयोग थोडाच.

वेगमर्यादा सपाट भागात ताशी १२० आहे. आमचे ड्रायव्हर १०० च्या पुढे नेत नाहीत, 'अजून ओढा' म्हणून सांगू नका. रस्ता सरळ आणि एकसारखा आहे, त्याने डोळ्यावर झापड येते, म्हणून दर दीड-दोन तासांनी गाडी थांबतेच. काँक्रीटवर उन्हाळ्यात टायर फार तापतात. तुम्ही कुणाचीही गाडी घ्या, निघण्याआधी टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे बघा: २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांपुढचा टायर असेल तर वरून कितीही नवा दिसला तरी दुसरी गाडी मागा.

१६. मला हा धंदा सुरू करायचाय. कुठून सुरुवात करू?

मर्सिडीजपासून नको. गावाकडची बरीच तरुण मुलं हे विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. एक इनोव्हा घ्या, पहिली दोन वर्षं स्वतः चालवा.

कागदांत हे येतं: व्यावसायिक नोंदणी, परमिट (राज्याबाहेर जायचं असेल तर २०२३ च्या नियमांखालचं अखिल भारतीय पर्यटक परमिट), फिटनेस, प्रवाशांसह व्यावसायिक विमा, पीयूसी, लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. जुनी खासगी गाडी घेऊन पिवळी करायची असेल तर आरटीओत वर्ग बदलावा लागतो आणि कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. आधी ते मिळवा, मग गाडीचे पैसे द्या.

आमच्याकडे गाड्या बुडतात त्या किराया मिळाला नाही म्हणून क्वचितच, पैसे उशिरा आले म्हणून जास्त. कंपनीला गाडी लावली की बिल दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी निघतं. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला. तीन हप्ते आणि चार टायरांचे पैसे बाजूला असल्याशिवाय कंपनीचं काम धरू नका. लग्नाचं काम रोख असतं, पण तिथींवर अवलंबून. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं, चातुर्मासात थांबतं. दोन्ही मिळून वर्ष निघतं, एकट्याने निघत नाही.

१७. निवडणुकीच्या काळात बुक केलेली गाडी ऐनवेळी मिळाली नाही, असं ऐकलंय. खरं आहे का?

हो, होऊ शकतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १६० खाली जिल्हा प्रशासन मतदानाच्या कामासाठी खासगी वाहनं ताब्यात घेऊ शकतं, मोबदला देऊन. नोटीस आली की आम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणून मतदानाच्या आगेमागे लग्न असेल तर आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो, शेजारच्या जिल्ह्यातली एक गाडी राखून ठेवतो, आणि तीही मिळाली नाही तर आगाऊ रक्कम पूर्ण परत देतो.

१८. लग्न पुढे ढकललं, घरात सुतक आलं, किंवा रास्ता रोकोत गाडी अडकली तर पैशांचं काय?

सुतक किंवा आजारपण असेल तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती करतो, त्यासाठी कुणाकडून कागद मागत नाही. नुसता बेत बदलला आणि तारखेला सात दिवसांहून कमी उरले असताना कळवलं, तर आगाऊ रकमेतून एका दिवसाचा किराया कापतो. रास्ता रोकोत अडकलो तर थांबण्याचे तास लावत नाही, आडमार्गाने गेलो तर त्याचे किलोमीटर मात्र लागतात. आंदोलनात जबरदस्तीने गाडी पुढे काढा असं ड्रायव्हरला सांगू नका. काच फुटली तर बदलता येते, पण त्याला स्थानिक लोकांसमोर पुन्हा त्याच रस्त्याने यायचं असतं.

१९. अपघात झालाच तर आम्ही काय करायचं?

आधी १०८ ला फोन. गाडी रस्त्यावरून हलवण्याआधी जागेचे फोटो. ड्रायव्हरने जखमींना मदत करणं आणि पोलिसांना कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून 'तू निघून जा, आम्ही बघतो' असं त्याला चांगल्या मनानेही सांगू नका. मग आम्हाला फोन, विम्याचे कागद आम्ही पाठवतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत असाल तर काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

२०. मागच्या वेळचेच ड्रायव्हर हवे आहेत. मिळतील का?

ही मागणी आली की आम्हाला मनापासून बरं वाटतं. एका घरात मामांनी तिन्ही बहिणींच्या पाठवण्या केल्या आहेत, आणि तिथे त्यांना नारळ-टॉवेल देऊन पाटावर बसवतात. नाव सांगून मागा, जादा पैसे लागत नाहीत. फक्त ते आदल्या रात्री गाडीवर असतील तर आम्ही देणार नाही, तुम्ही कितीही जुने गिऱ्हाईक असलात तरी (का, ते प्रश्न १२ मध्ये आहे). म्हणून मुहूर्त निघाला की पहिला फोन आम्हाला करा. आधी ड्रायव्हरची तारीख धरू, गाडी कोणती ते नंतर ठरवता येईल.